ओरडणारा पट्टा

इंजिनावरचा पट्टा ओरडतो तो घसरतो म्हणून. पण तो नुसता घसरत राहिला असता तर फारसा आवाज झाला नसता. पट्टा पुलीला क्षणभर चिकटतो, ताण वाढला की सुटतो आणि लगेच पुन्हा चिकटतो. हे सेकंदाला शेकडो वेळा घडले की किंचाळी उमटते. स्थिर पृष्ठभागांमधले घर्षण सरकत्या पृष्ठभागांमधल्या घर्षणापेक्षा जास्त असते, एवढेच त्यामागचे कारण. सारंगीच्या गजाला राळ लावतात ती याच चिकटण्या-सुटण्यासाठी. कारखान्यांतल्या चामडी पट्ट्यांनाही एके काळी राळच लावत, मात्र आवाज बंद व्हावा म्हणून. राळेने थोडा वेळ पकड येई आणि मग पट्टा आधीपेक्षा मोठ्याने वाजू लागे.

पट्ट्याने शक्ती वाहून नेण्याची पद्धत जुनी. सूतकताईच्या चरख्यावरची माळ हा तिचाच प्रकार. मोठ्या प्रमाणावर तिचा वापर झाला तो अमेरिकेतल्या कापडगिरण्यांत. इंग्लंडमधल्या गिरण्या पाणचक्कीची किंवा वाफेच्या इंजिनाची शक्ती दातेरी चाकांतून मजल्यामजल्यावर नेत. ही चाके अचूक कापायची तर कसबी कारागीर आणि भरपूर पैसा लागे. मॅसॅच्युसेट्समधल्या लोवेल गावी पॉल मूडी याने १८२८ साली ॲपल्टन गिरणीत मुख्य शक्ती चामड्याच्या रुंद पट्ट्यांवरून नेली. दात्यांचा खडखडाट गेला, खर्च उतरला आणि एखादे यंत्र अडकले तर दाते तुटण्याऐवजी पट्टा घसरू लागला. म्हणजे घसरणे हा पट्ट्याचा दोष खरा, पण तीच त्याची सुरक्षाझडपही होती.

घसरण्याचे गणित मात्र त्याच्याही आधी मांडून झाले होते. लिओनार्ड ऑयलर याने अठराव्या शतकातच दाखवले होते, की चाकाभोवती गुंडाळलेल्या दोराच्या घट्ट आणि सैल बाजूंच्या ताणांचे गुणोत्तर दोन गोष्टींवर अवलंबून असते: घर्षणाचा गुणांक आणि दोराने चाकाला घातलेल्या वेढ्याचा कोन. चाकाचा व्यास त्यात येतच नाही. ओझ्बर्न रेनॉल्ड्स याने १८७४ साली आणखी एक बारकावा उलगडला. पट्टा लवचीक असल्याने घट्ट बाजूला तो ताणलेला असतो आणि सैल बाजूला आखडतो. त्यामुळे उत्तम बसवलेला पट्टाही पुलीवर किंचित सरपटतोच. या सरपटण्याचा आवाज होत नाही. पट्टा वाजू लागला की समजावे, सरपटणे संपून खरे घसरणे सुरू झाले.

कारखान्यात हे गणित कोणी वापरत नसे. पट्टा किती ताणायचा हे हाताने दाबून ठरे, आणि प्रत्येकाचा हात वेगळा. फ्रेडरिक टेलर, जो पुढे कामाचे मोजमाप घड्याळाने करण्यासाठी नावाजला आणि बदनामही झाला, त्याने मिडव्हेल पोलाद कारखान्यातल्या पट्ट्यांच्या नोंदी नऊ वर्षे ठेवल्या आणि १८९३ साली अमेरिकी यंत्र-अभियंत्यांच्या संस्थेपुढे त्यांवर निबंध वाचला. पट्टा वाजला की ताणायचा, तुटला की सांधायचा, ही रीत सर्वांत महाग पडते, असा त्याचा निष्कर्ष होता. स्प्रिंगकाटा लावलेल्या चिमट्यांनी ताण मोजावा, ठरावीक मुदतीने पुन्हा ताणावे आणि हिशेबाने लागतो त्यापेक्षा जाड पट्टा घ्यावा, हा त्याचा सल्ला. पट्ट्याच्या दुरुस्तीत कानावरचा भरवसा काढून मापावर ठेवण्याचा हा पहिला गंभीर प्रयत्न म्हणता येईल.

मुंबईत कावसजी दावर यांनी १८५४ साली स्थापलेल्या ताडदेवच्या गिरणीपासून पुढे हेच पट्टे आणि आढ्यालगतचे लांब शाफ्ट इथेही आले. महाराष्ट्राच्या खेड्यांत सपाट पट्टा ओळखीचा झाला तो पिठाच्या गिरणीमुळे आणि उसाच्या चरकामुळे. संथ फिरणाऱ्या ऑइल इंजिनाच्या जड चाकावरून निघालेला लांब पट्टा भिंतीतल्या खाचेतून गिरणीच्या खोलीत शिरे. दिशा उलटी हवी असेल तर त्याला एक पीळ देत. सपाट पट्ट्याची पुली मधोमध किंचित फुगीर असते. पट्टा उतारावरून खाली घसरेल असे वाटते, पण घडते उलटे: तो चढाकडे सरकतो आणि मध्यावर स्थिर राहतो.

मोटारीत पट्टा आला तो फार किरकोळ कामासाठी. फोर्ड कंपनीने एप्रिल १९२५ मध्ये मॉडेल टी गाडीला मागे पत्र्याचा हौदा बसवून ती २८१ डॉलरला विकायला काढली. कारखान्यातूनच तयार होऊन बाहेर पडलेल्या सुरुवातीच्या पिकअपमध्ये तिची गणना होते. तिच्या बॉनेटखाली एकच सपाट पट्टा होता आणि तो फक्त रेडिएटरमागचा पंखा फिरवी. पाणी गरम होऊन आपोआप वर चढे, थंड होऊन खाली उतरे. त्यासाठी पंप नव्हता. पट्टा सैल पडला तर इंजिन थोडे तापे, इतकेच. ‘फॅन बेल्ट’ हे नाव त्या काळचे, आणि पंखा विजेवर चालू लागून कैक वर्षे झाली तरी आपल्याकडच्या गॅरेजमध्ये ते टिकून आहे.

सपाट पट्ट्याला पर्याय तोवर सापडलेला होता. डेन्व्हर शहरात चार्ल्स गेट्स याने १९११ साली टायरवर चढवायची चामडी आवरणे बनवणारा एक छोटा कारखाना विकत घेतला होता. त्याचा भाऊ जॉन याने १९१७ साली रबर आणि विणलेला धागा यांचा, दोन्ही बाजूंनी तिरका उतरता पट्टा तयार केला. हा व्ही-पट्टा पुलीच्या खाचेत पाचरीसारखा रुततो. त्याचा फायदा ऑयलरच्या सूत्रातच दिसतो. घर्षणाचा गुणांक ०.३ धरला आणि पट्ट्याने पुलीला अर्धा वेढा घातला, तर सपाट पट्ट्याच्या दोन बाजूंच्या ताणांचे गुणोत्तर सुमारे अडीचपर्यंत जाते. त्यापुढे तो घसरतो. ४० अंशांच्या खाचेत रुतलेल्या पट्ट्याला हेच गुणोत्तर पंधराच्या पुढे पेलते. फोर्डच्याच मॉडेल ए गाडीत, १९२७ च्या अखेरीपासून, एक व्ही-पट्टा पंखा, पाण्याचा पंप आणि डायनॅमो अशी तिन्ही कामे करू लागला.

दुरुस्तीचा धडाही त्याबरोबर ठरून गेला. डायनॅमो एका बोल्टवर झुलता बसवलेला असे. दुसरा बोल्ट सैल करून तो पहारीने इंजिनापासून दूर रेटायचा, पट्टा ताणायचा आणि बोल्ट आवळायचा. अंगठ्याने दाबल्यावर पट्टा मधोमध अर्धा इंच दबला की ताण बरोबर. पुढची पन्नास वर्षे जगभरचे मेकॅनिक हेच करत आले, आपल्याकडच्या जीप आणि मालवाहू गाड्यांवरही. या सोप्या उपायाचा धोका उशिरा कळे. आवाज बंद होईस्तोवर ताणलेला पट्टा गप्प बसे, पण काही महिन्यांत डायनॅमोचे किंवा पंपाचे बेअरिंग घरघरू लागे. टेलरच्या स्प्रिंगकाट्याचा कित्ता गॅरेजने फारसा गिरवला नाही.

पट्ट्याचे द्रव्यही याच काळात बदलले. नैसर्गिक रबर तेल लागले की फुगते आणि उष्णतेने कडक होते. ड्यूपाँ कंपनीच्या प्रयोगशाळेत १९३० साली निर्माण झालेले निओप्रीन हे कृत्रिम रबर या दोन्हींना बऱ्यापैकी दाद देत नाही. पुढे पट्ट्यांसाठी तेच रूढ झाले. आतल्या सुती दोऱ्याची जागा रेयॉनने आणि मग पॉलिएस्टरने घेतली, त्यामुळे पट्टा ताणून लांब होणे कमी झाले.

भार मात्र वाढतच गेला. क्रायस्लरने १९५१ साली पॉवर स्टिअरिंग बाजारात आणले, १९६० च्या दशकात डायनॅमोऐवजी अल्टरनेटर आला, मग वातानुकूलनाचा कॉम्प्रेसर आणि धूर स्वच्छ करणारा हवेचा पंप. प्रत्येकाला वेगळा व्ही-पट्टा देण्यात आला. १९७० च्या दशकातल्या अमेरिकी पिकअपचे इंजिन समोरून पाहिले तर तीन-चार पट्टे एकामागे एक दिसत. सर्वांत आतला बदलायचा तर बाहेरचे सगळे उतरवावे लागत. व्ही-पट्टा जाड असल्यामुळे लहान पुलीभोवती वाकताना तो आतून तापतो, आणि अल्टरनेटरची पुली तर सर्वांत लहान. थंड सकाळी इंजिन सुरू होताच बॅटरी भरून काढण्यासाठी अल्टरनेटर पूर्ण भार घेई आणि पट्टा किंचाळे. स्टिअरिंग टोकापर्यंत वळवले की दुसरा ओरडे. कोणता पट्टा ओरडतो हे मात्र कळे, कारण प्रत्येकाचे काम वेगळे होते.

हे सगळे पट्टे मोडीत काढणारा एकच लांब पट्टा पहिल्यांदा मोठ्या प्रमाणावर आला तो १९७९ च्या फोर्ड मस्टँगमध्ये. गेट्स कंपनीचा अभियंता जिम व्हान्स याच्याकडे त्याचे श्रेय जाते. हा पट्टा रुंद आणि पातळ. आतल्या बाजूला लांबीभर बारीक व्ही आकाराच्या धारा, दोन धारांत ३.५६ मिलिमीटरचे अंतर. पाचरीची पकड आणि सपाट पट्ट्याची लवचीकता त्यात एकत्र आली. तो सापासारखा वळणे घेत सर्व पुलींवरून जातो आणि त्याच्या सपाट पाठीनेही पुली फिरवता येते. ताण देण्यासाठी स्प्रिंगचा हात, म्हणजे टेन्शनर, असतो, त्यामुळे पहार आणि अंगठा दोन्ही निवृत्त झाले. पट्ट्याच्या पाठीवरचा ‘६ पीके १८८५’ असा आकडा सांगतो, की धारा ६ आणि लांबी १८८५ मिलिमीटर. एकच पट्टा असल्यामुळे तो तुटला की चार्जिंग, स्टिअरिंगची मदत आणि बहुतेक इंजिनांत पाण्याचा पंपही एकदम बंद पडतो. हा सौदा कारखान्यांनी डोळे उघडे ठेवून केला.

इथून पुढे आवाजाचा अर्थच बदलला. जुन्या काळी ओरडणारा पट्टा म्हणजे सैल पट्टा. नव्या रचनेत ओरडतो पट्टा आणि दुखणे बहुतेक वेळा दुसऱ्याचेच असते. मेकॅनिकला दोन आवाज वेगळे ओळखावे लागतात. पहिली लांब किंचाळी: गाडी रेटली, भार पडला की वाढणारी. ती ताण अपुरा असल्याची, म्हणजे टेन्शनरची स्प्रिंग दमल्याची, किंवा पट्ट्यावर तेल वा कूलंट सांडल्याची खूण. दुसरी चिमणीसारखी तालबद्ध चिवचिव: इंजिन संथ फिरताना ठळक आणि वेग वाढला की विरणारी. एखादी पुली रेषेबाहेर गेली, की पट्ट्याच्या धारा तिच्या खाचेत तिरक्या शिरतात आणि कडेला घासतात. फरक कोनात अंशभराचा असला तरी पुरतो. पट्ट्याला नुसते वळण देणाऱ्या आयडलर पुलीचे बेअरिंग झिजणे किंवा बदललेल्या अल्टरनेटरची पुली किंचित पुढे बसणे एवढ्याने तो पडतो.

दोहोंतला भेद ठरवण्याची परीक्षा स्वस्त आहे. चालू इंजिनावर, हात आणि कपडे लांब ठेवून, पट्ट्याच्या धारांच्या बाजूला साध्या पाण्याचा फवारा मारायचा. आवाज वाढला तर ताण कमी आहे, कारण पाण्याने पकड आणखी सुटली. आवाज क्षणभर थांबून पाणी उडून जाताच परत आला तर पुली रेषेत नाही. मग सरळ पट्टी लावून कोणती चुकली ते शोधायचे. फवाऱ्याने काहीच फरक पडला नाही तर पट्टा उतरवून इंजिन काही सेकंद चालवतात. आवाज तरीही राहिला तर तो पट्ट्याचा नव्हताच. डब्यातून फवारायचे ‘बेल्ट ड्रेसिंग’ हे राळेचेच आधुनिक रूप. त्याने आवाज दोन दिवस दबतो, धारांत चिकट धूळ बसते आणि खरी तक्रार तशीच राहते.

डिझेल पिकअपमध्ये आणखी एक कारण आले. डिझेल इंजिनाचा क्रँक प्रत्येक स्फोटाला झटका खातो, तर अडीच-तीन पट वेगाने फिरणारा अल्टरनेटरचा जड रोटर तो झटका पाळायला तयार नसतो. या ओढाताणीत पट्टा घसरतो. त्यावर अल्टरनेटरला एकाच दिशेने पकडणारी क्लच-पुली बसवू लागले. ती जाम झाली की नवा पट्टा घालूनही चिवचिव थांबत नाही, आणि गिऱ्हाईक पट्ट्यालाच नावे ठेवते.

निओप्रीनचा पट्टा म्हातारा झाल्याचे डोळ्यांना दिसे: तीन इंचांत तीन भेगा पडल्या की बदलायचा. या शतकात त्याची जागा ईपीडीएम या रबराने घेतली. हा पट्टा सहसा भेगाळत नाही. तो टायरसारखा झिजतो. धारांमधल्या खाचा रुंद होतात, पट्टा पुलीत खोल बसतो, धारा तळाला टेकतात आणि पाचरीची पकड जाते. वरून तो नव्यासारखाच दिसतो. म्हणून पट्टे बनवणाऱ्यांनी प्लास्टिकची लहान झीज-मापके काढली, जी खाचेत घालून पाहायची असतात.

पूर्ण विजेवर चालणाऱ्या पिकअपमध्ये हे सगळे उतरले आहे. पाण्याच्या पंपाला आणि कॉम्प्रेसरला स्वतःची मोटर असते, अल्टरनेटरची गरजच उरत नाही. मोठ्या गाड्यांच्या विजेच्या स्टिअरिंगमध्ये, रॅकच्या डबीत, अनेकदा एक आखूड पट्टा मात्र फिरत असतो. पण तो दातेरी आहे, घर्षणावर चालत नाही.