डॉसन सिटी नगेट्स

कॅनडाच्या यूकॉन प्रदेशातील डॉसन सिटी या सोन्याच्या खाणींच्या गावचा आइस हॉकी संघ. स्टॅन्ली चषकासाठी १९०५ साली ऑटावा संघाला (‘सिल्व्हर सेव्हन’) दिलेल्या आव्हानामुळे ज्ञात.

गव्हर्नर जनरल लॉर्ड स्टॅन्ली यांनी १८९२ मध्ये देऊ केलेला हा चषक विजेत्याकडेच राही. इतर संघांनी विश्वस्तांकडे अर्ज करायचा आणि तो मान्य झाल्यास चषकधारकाशी सामने खेळायचे, अशी पद्धत होती. डॉसनच्या पात्रतेबद्दल शंका घेण्यास जागा आहे. अर्ज मात्र मान्य झाला. मोहिमेमागे क्लोंडाइकमधील खाणउद्योजक जो बॉइल होते.

प्रवास : डिसेंबर १९०४ च्या तिसऱ्या आठवड्यात संघ निघाला. व्हाइटहॉर्सपर्यंतचे सु. ५३० किमी. अंतर खेळाडूंनी कुत्र्यांच्या गाड्यांतून, काहींनी सुरुवातीला सायकलवर व बरेचसे पायी कापले. पुढे हिमवर्षावाने आगगाडी रखडली. स्कॅग्वे बंदरात पोहोचेपर्यंत आगबोट सुटली होती. पुढच्या बोटीसाठी काही दिवस थांबून सिअ‍ॅटल, तेथून व्हँकूव्हर व पुन्हा आगगाडीने ऑटावा, असा सु. ६,४०० किमी. प्रवास झाला. पहिल्या सामन्याच्या जेमतेम एक-दोन दिवस आधी संघ पोहोचला. सामने पुढे ढकलण्याची विनंती यजमानांनी मानली नाही. ऑटावाकडून पूर्वी खेळलेला वेल्डी यंग निवडणुकीच्या कामामुळे वेळेवर येऊ शकला नाही, ही संघाची मोठी हानी.

सामने : १३ जानेवारी, ऑटावा ९–२, १६ जानेवारी, ऑटावा २३–२. दुसऱ्या सामन्यात फ्रँक मगी याने एकट्याने १४ गोल केले, त्यांपैकी ८ लागोपाठ, नऊ मिनिटांच्या आत. स्टॅन्ली चषकाच्या एका सामन्यातील हा विक्रम अद्याप अबाधित आहे. मगीला एका डोळ्याने दिसत नव्हते. पहिल्या सामन्यात त्याचा एकच गोल झाल्यावर डॉसनच्या कोणीतरी त्याची टर उडवली व तो पेटून उठला, ही कथा लोकप्रिय आहे. तिला आधार कितपत, हे सांगणे कठीण. १९१६ मध्ये सोमच्या लढाईत तो मारला गेला.

तेवीस गोल स्वीकारूनही किशोरवयीन गोलरक्षक अल्बर्ट फॉरेस्टची (त्याच्या नेमक्या वयाबद्दल एकमत नाही) ऑटावाच्या वृत्तपत्रांनी स्तुती केली. संघात सात खेळाडू असत व पुढे पास देण्यास मनाई होती, हे ध्यानात घेता ती स्तुती सौजन्यापोटीच होती असे मानण्याचे कारण नाही.

नंतर संघाने पूर्व कॅनडात काही सामने खेळले.

१९९७ मध्ये डॉसनच्या संघाने या मोहिमेची पुनरावृत्ती केली आणि ऑटावाच्या माजी व्यावसायिक खेळाडूंकडून ०–१८ अशी हार पत्करली.