मोजणारा मेकॅनिक

गाडीचं काम कॉलेजात शिकायचं नसतं, ते उस्तादाच्या हाताखाली राहूनच येतं, हे मत परळी-बीड रस्त्यावरच्या सिरसाळा परिसरात आणि एकूणच मराठवाड्यात इतकं मुरलेलं आहे की कुणी त्याला मत म्हणतच नाही, अनुभव म्हणतात. दहावीला चांगले टक्के पडले की मुलगा लातूरला सायन्सला जातो. कमी पडले की ओळखीच्या गॅरेजात जातो. या दोहोंच्या मधली आयटीआय म्हणजे कुठेच नंबर न लागलेल्यांची सोय, आणि ऑटोमोबाइलचा डिप्लोमा म्हणजे पैसे देऊन घेतलेला कागद, असं सरसकट धरलं जातं. हे मत चुकीचं आहे, आणि त्याची किंमत मेकॅनिकपेक्षा गाडीवाला जास्त मोजतो, असं मला मांडायचं आहे.

आधी पूर्वपक्ष त्याच्या पूर्ण बळानिशी मांडू. पहिला मुद्दा असा की मेकॅनिकचं ज्ञान कानात आणि बोटांत असतं. टॅपेट ढिले झालेत हे चांगला मिस्त्री इंजिन सुरू होताच आवाजावरून सांगतो. धूर काळा असेल तर डिझेल जास्त किंवा हवा कमी, निळा असेल तर ऑइल जळतंय, हे त्याला पुस्तकाने शिकवलेलं नसतं. दुसरा मुद्दा, कॉलेजच्या वर्कशॉपात कापून रंगवलेलं जुनं इंजिन असतं. ते पाहून पास झालेल्या मुलाच्या हातात पाना धड बसत नाही. तिसरा, ज्या घरची माणसं दिवाळीच्या सुमाराला ऊसतोडीला बाहेर पडतात, त्या घराला दोन-तीन वर्षं मुलाला नुसतं शिकवणं परवडत नाही. चौथा मुद्दा अलीकडचा: आता दोष स्कॅनरच सांगतो, मग शिकायचं उरलं काय?

यातला एकही मुद्दा पोकळ नाही, म्हणूनच प्रत्येकाला उत्तर द्यायला हवं.

धुरापासून सुरुवात करू, कारण आपल्या न्यायशास्त्रातलं अनुमानाचं ठरलेलं उदाहरणही धुराचंच आहे. डोंगरावर धूर दिसला की तिथे अग्नी आहे असं आपण म्हणतो, कारण जिथे धूर तिथे अग्नी हा संबंध अव्यभिचारी, म्हणजे कधी न चुकणारा, आहे. पण नैयायिकांनी पुढे बजावलं आहे की जे सिद्ध करायचं ते नसतानाही खूण आढळत असेल तर तो हेतू, म्हणजे अनुमानाचा आधार, अनैकान्तिक होतो, त्यावरून काहीच सिद्ध होत नाही. डिझेल इंजिनचा पांढरा धूर नेमका असा हेतू आहे. हेड गॅस्केट जाऊन पाणी सिलिंडरमध्ये उतरलं तरी तो निघतो आणि नोझल खराब होऊन किंवा कॉम्प्रेशन कमी पडून डिझेल न जळता बाहेर पडलं तरी निघतो. पहिल्या कारणाला हेड उतरवावं लागतं, दुसऱ्याला कदाचित नुसतं नोझल तपासून भागतं. रेडिएटरचं पाणी घटतंय का, कॉम्प्रेशन किती भरतंय, हे पाहिल्यावाचून हेड उतरवणारा मिस्त्री अनुभवी असला तरी अनुमानात चुकतो. अनुभवाने त्याला खूण दिली. त्या खुणेची कारणं वेगळी काढायची रीत दिली नाही.

माझा मुख्य मुद्दा इथे आहे. गॅरेज शिकवतं ते आधी पाहिलेले दोष ओळखायला. ते फार मोलाचं आहे. पण जो दोष उस्तादानेही पाहिलेला नाही, तो शोधायला कार्यकारणाचा विचार आणि मोजमाप लागतं. ते जिथे नसतं तिथे ‘बदलून बघू’ सुरू होतं. बॅटरी बदलून बघू, सेन्सर बदलून बघू, पंप बदलून बघू.

एक अगदी साधं उदाहरण घेऊ. ट्रॅक्टरचा सेल्फ जड फिरतोय. बॅटरी बदलली, फरक नाही. सेल्फ रिवाइंड केला, फरक नाही. शेवटी कळतं की चासीला जोडलेल्या अर्थच्या वायरीचं टोक गंजलं होतं. आता हिशोब पाहा. सेल्फ फिरताना समजा २०० अँपिअर प्रवाह घेतो. गंजलेल्या जोडात ओमचा फक्त शंभरावा भाग एवढा रोध असला तरी ओमच्या नियमाप्रमाणे तिथे २ व्होल्ट खर्ची पडतात आणि १२ व्होल्टच्या व्यवस्थेत सेल्फ उपाशी राहतो. साध्या मल्टिमीटरने त्या जोडाचा रोध मोजायला गेलात तर तो शून्यच दाखवेल, कारण इतका बारीक रोध त्याला दिसत नाही. म्हणून सेल्फ फिरत असताना त्या जोडाच्या दोन बाजूंमधला व्होल्टेजचा फरक मोजायचा असतो. मीटर तोच, वेळ दोन मिनिटं. ओमचा नियम मुलगा शाळेतच शिकलेला असतो. तो सेल्फला लावायचा कसा, हे मात्र कुणीतरी फळ्यावर आणि गाडीवर, दोन्हीकडे दाखवावं लागतं. हे दाखवणं हेच कॉलेजचं काम.

आता स्कॅनरचा मुद्दा. तो सर्वांत नवा आणि सर्वांत फसवा आहे. स्कॅनर दोष सांगत नाही, कोड सांगतो. पेट्रोल गाडीत पी ०१७१ हा कोड नेहमी दिसतो. त्याचा अर्थ एवढाच की इंजिनला मिळणाऱ्या मिश्रणात हवेच्या मानाने इंधन कमी पडतंय असं गाडीच्या संगणकाला दिसतंय. इनटेकची नळी फुटून बाहेरची हवा आत येत असेल, इंधनाचा दाब कमी असेल, इंजेक्टर तुंबला असेल, हवा मोजणारा सेन्सर मळला असेल किंवा ऑक्सिजन सेन्सरच्या आधी सायलेन्सरचा पाइप चिरला असेल, प्रत्येक वेळी कोड हाच येतो. नैयायिकांच्या भाषेत हाही अनैकान्तिक हेतू. ज्याला हे ठाऊक नाही तो ऑक्सिजन सेन्सर बदलतो, डॅशबोर्डवरचा इशाऱ्याचा दिवा पुसतो, गाडी परत पाठवतो, आणि चार दिवसांनी दिवा पुन्हा लागतो. स्कॅनरने शिकण्याची गरज संपवलेली नाही, वाढवली आहे.

ही गरज रस्त्यावरच्या गाड्यांमधून आली आहे. १ एप्रिल २०२० पासून देशात बीएस-६ हे उत्सर्जनाचं मानक लागू झालं. बीएस-४ वरून मधली पायरी गाळून आपण थेट सहाव्यावर गेलो. इंधनातल्या गंधकाची मर्यादा दशलक्ष भागांत ५० वरून १० वर आली. दुचाकीचा कार्ब्युरेटर जाऊन त्या जागी इंजेक्शन आलं. स्क्रू ड्रायव्हरने मिश्रण जमवणाऱ्या हाताचं काम आता सेन्सर आणि ईसीयू, म्हणजे इंजिनचा संगणक, करतात. एप्रिल २०२३ पासून प्रदूषणाशी संबंधित भागांवर गाडीने स्वतः लक्ष ठेवण्याचे नियम आणखी कडक झाले. ट्रॅक्टर अजून जुनेच आहेत, असं कुणी म्हणेल. ५० अश्वशक्तीपर्यंतच्या ट्रॅक्टरांपुरतं ते खरं आहे, आणि आपल्या शिवारात बहुतेक तेच आहेत. पण त्यावरच्या ट्रॅक्टरांना जानेवारी २०२३ पासून नवे उत्सर्जन नियम लागले. आज सतरा वर्षांचा असलेला मुलगा पुढची तीस-चाळीस वर्षं काम करणार आहे; त्याला उद्याच्या यंत्रांवरच पोट भरायचं आहे.

यापुढची गोष्ट अधिक गंभीर आहे. हाताखालच्या शिक्षणाची पद्धत मुळात चुकत शिकण्याची आहे. जुन्या यंत्रांना ती चालत होती. कुठला सिलिंडर मिस करतोय हे शोधायला मिस्त्री चालू इंजिनवर एकेका नोझलच्या पाइपचं नट ढिलं करून पाहतो. जुन्या पंपाच्या इंजिनात नोझल साधारण २०० बारला उघडतं, तिथे ही युक्ती चालून जात होती. नव्या कॉमन रेल इंजिनात त्याच पाइपात १६०० ते २००० बार दाब असतो. तिथून सुटलेली डिझेलची बारीक धार कातडी भेदून आत शिरते, आणि जखम वरून टाचणीएवढी दिसली तरी हात गमावण्याची वेळ येऊ शकते. तीच गोष्ट विजेच्या गाड्यांची. ६० व्होल्टच्या वरचा डीसी दाब माणसाला धोक्याचा मानतात. विजेच्या मोटारीत तो कित्येक शे व्होल्ट असतो आणि बॅटरी तोडल्यावरही इन्व्हर्टरच्या कपॅसिटरमध्ये काही काळ टिकून राहतो. विजेच्या स्कूटरना आगी लागल्यावर २०२२ मध्ये सरकारने बॅटरीच्या सुरक्षेचे नियम कडक केले, ते उगाच नाही. जिथे पहिली चूक शेवटची ठरू शकते, तिथे ‘चुकत चुकत येईल’ असं मुलाला सांगणं क्रूरपणाचं आहे. घरातलं वायरिंग करणाऱ्याला आपल्या राज्यात परवाना लागतो. गाडीचे ब्रेक दुरुस्त करणाऱ्याला कुठलीच परीक्षा द्यावी लागत नाही. हा फरक कुणालाच खटकू नये, याचं मला वाईट वाटतं.

परवडण्याचा मुद्दा सर्वांत खरा आहे, म्हणून तो सर्वांत बारकाईने तपासला पाहिजे. हाताखालचा मुलगा कमावतो असं आपण म्हणतो. पहिली काही वर्षं त्याला बहुतेक ठिकाणी वरखर्चापुरतंच मिळतं. त्या वर्षांत तो पाने देतो, गाड्या धुतो आणि उस्तादाच्या मर्जीने जेवढं दिसेल तेवढं शिकतो. उस्ताद हातचं राखूनच शिकवतो, कारण उद्या हाच मुलगा समोर दुकान टाकणार असतो. शिवाय १४ वर्षांखालच्या मुलाला गॅरेजात कामाला ठेवणं हा १९८६ च्या आणि २०१६ साली दुरुस्त झालेल्या कायद्याने गुन्हा आहे, हे आपण सोयीने विसरतो. आणि उस्तादाकडे प्रवेश मिळतो तो ओळखीने, भावकीने. मुलींसाठी तर ते दार उघडतच नाही. आयटीआयत प्रवेश गुणांवर आणि आरक्षणाच्या नियमांवर मिळतो, मुलींनाही मिळतो. ज्याची कुणाशी ओळख नाही त्याच्यासाठी संस्थेचा हा एक गुणच पुरेसा आहे.

पुढची वाटही बंद नाही. मोटार मेकॅनिकचा ट्रेड दोन वर्षांचा. डिझेल मेकॅनिक आणि ट्रॅक्टर मेकॅनिक एकेक वर्षाचे. त्यानंतर १९६१ च्या शिकाऊ उमेदवार कायद्याखाली एसटीच्या आगारात किंवा कारखान्यात विद्यावेतनासह उमेदवारी करता येते. दहावीनंतर दोन वर्षांची आयटीआय केलेल्याला डिप्लोमाच्या थेट दुसऱ्या वर्षाला आणि डिप्लोमावाल्याला पदवीच्या थेट दुसऱ्या वर्षाला प्रवेश मिळू शकतो.

‘किर्लोस्कर कुठे इंजिनिअरिंग शिकले होते?’ हा प्रश्न या वादात हमखास येतो. लक्ष्मणराव किर्लोस्करांकडे पदवी नव्हती, हे खरं. पण मुंबईच्या जे. जे. कलाशाळेत ते यांत्रिक रेखाटन शिकले आणि व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्ये त्यांनी ते शिकवलं. बेळगावचं सायकलचं दुकान आणि १९१० ची किर्लोस्करवाडी हे रेखाटन शिकल्यानंतरची. यंत्र कागदावर मापात उतरवण्याची विद्या त्यांना संस्थेत मिळाली आणि हाताने तिचं सोनं केलं. म्हणजे हे उदाहरण पूर्वपक्षाच्या बाजूचं नाहीच.

राहिला कॉलेजच्या वर्कशॉपचा मुद्दा. तो मला मान्य आहे. जुनी इंजिनं, बंद यंत्रं, रिकामी पदं, तोंडी परीक्षेपुरतं पाठांतर, हे अनेक संस्थांचं वास्तव आहे. पण यातून कॉलेज सुधारलं पाहिजे असं निघतं. शिकणं व्यर्थ आहे असं निघत नाही. शाळेत मास्तर नीट शिकवत नाहीत म्हणून आपण अक्षरओळख निरुपयोगी ठरवत नाही.

सुधारणेची दिशाही नवी शोधायची नाही. जर्मनीने २००३ मध्ये मोटार मेकॅनिक आणि ऑटो इलेक्ट्रिशियन हे दोन वेगळे धंदे एकत्र करून एकच प्रशिक्षण केलं, कारण यंत्र आणि वीज आता वेगळी काढता येत नाहीत. साडेतीन वर्षांच्या त्या शिक्षणात मुलगा गॅरेजात काम करतो आणि त्याच काळात व्यवसायशाळेतही जातो. आपल्याकडेही संस्था आणि कारखाना यांत वाटून शिकवण्याची दुहेरी पद्धत आयटीआयसाठी २०१६ पासून आहे. ती मोठ्या शहरांतल्या कारखान्यांपुरती राहू नये, एवढंच करायचं आहे.

परळीहून बीडकडे जाणाऱ्या रस्त्यावरच्या सिरसाळ्यात या पद्धतीला लागणारं सगळं जवळपास आहे. एका बाजूला परळीचं एसटी आगार, दुसऱ्या बाजूला तेलगावचा साखर कारखाना, आणि हंगामात ऊस ओढणारे ट्रॅक्टर. हंगामात ट्रॅक्टर उभा राहिला तर उचल अंगावर राहते आणि बँकेचा हप्ता थांबत नाही. चुकीचा बदललेला प्रत्येक भाग त्या घराच्या खिशातून जातो. म्हणून मेकॅनिकने शिकणं ही त्याची खासगी हौस उरत नाही. ते गावाच्या हिताचं काम ठरतं.

तेव्हा मागणी अशी: आयटीआयच्या मुलाने आठवड्यातले काही दिवस जवळच्या चांगल्या गॅरेजात अधिकृतपणे काम करावं आणि त्या उस्तादाला शिकवण्याचा मोबदला मिळावा. जे आधीपासून काम करतात त्यांच्या हातच्या कसबाची परीक्षा घेऊन प्रमाणपत्र देण्याची सोय सरकारी योजनांत आहे. ती तालुक्याच्या गावापर्यंत यावी. मल्टिमीटर, स्कॅनर आणि उच्च दाबाच्या विजेची सुरक्षितता यांचे छोटे वर्ग संध्याकाळी, गॅरेज बंद झाल्यावर भरावेत. आणि आईबापांनी, मुलाला गाड्यांची खरी आवड असेल तर, टक्के चांगले असले तरीही त्याला या वाटेला घालावं. उस्तादाचा कान आणि कॉलेजचं मोजमाप एकाच माणसात आलं, तर सिरसाळ्याच्या गाडीवाल्याला अंदाजाचे पैसे भरावे लागणार नाहीत. एवढं साधण्यासाठी कॉलेज लागतं, आणि ते चांगलं असावं म्हणून भांडावंही लागतं.