आज्जीचा प्रश्न : आपल्या पायाखाली शिलारस आहे का?

ऐकण्यापेक्षा वाचायला ज्यांना बरं वाटतं त्यांच्यासाठी हा भाग लिहून टाकतोय. बोलताना केलेलं "म्हणजे… म्हणजे" तेवढं काढून टाकलंय.

गेल्या उन्हाळ्यात आमच्या शेतात बोअर मारली. नळदुर्गच्या पलीकडं आमचं गाव. गाडी आली रात्री अकराला, कारण दिवसा तिला दुसरीकडं काम होतं. मी वर्क फ्रॉम होम घेऊन गेलो होतो, लॅपटॉप मिटला आणि धुळीत उभा राहिलो. आधी पिवळट मुरूम उडाला, मग काळी-करडी धूळ, मग एकदम गेरूसारखी लाल, मग पुन्हा काळी. असं दोन-तीनदा झालं. ६०० फुटांवर वडिलांनी हात वर केला, बास म्हणाले. पाणी नाही. त्या रात्री कुणी जास्त बोललं नाही. फक्त आज्जीनं बाजेवरून विचारलं, "लेका, एवढं खाली गेलाव, लाव्हा-बिव्हा लागला का कुटं?"

मी हसलो. ती हसली नाही. म्हणाली, "हसू नगं. भूकंपाच्या टायमाला समदी म्हनत हुती, खाली ज्वालामुखी हाय म्हून. आजून बी रात्रीचं टेंपो गेला की माजं काळीज हालतंय."

३० सप्टेंबर १९९३, पहाटे ३ वाजून ५६ मिनिटं. आदल्या दिवशी अनंत चतुर्दशी, माणसं विसर्जन करून दमून झोपलेली. किल्लारी लातूर जिल्ह्यात, सास्तूर आपल्या जिल्ह्यात. जवळजवळ दहा हजार माणसं गेली. मी तेव्हा जन्मलोही नव्हतो, पण आमच्या घरात तारखा अजून "भूकंपाच्या आदी" आणि "भूकंपाच्या मागनं" अशाच सांगतात. त्यामुळं आज्जीचा प्रश्न हसण्यावारी नेणं बरं नव्हतं. मी इंजिनिअर आहे, पण सॉफ्टवेअरचा. दगडाचं मला काडीचं कळत नव्हतं. तेव्हापासून वाचत गेलो, त्यातलं हे.

तर ती धूळ. काळी धूळ म्हणजे बेसाल्ट, थंड झालेला लाव्हा. साधारण ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी इथं लाव्हाचे पूर आले, एकावर एक. दोन पुरांच्या मध्ये बराच काळ गेला की वरच्या दगडाची झीज होऊन माती व्हायची. पुढचा लाव्हा त्या मातीवर पसरला की ती भाजून, दाबून लाल थर व्हायचा. लाल धूळ म्हणजे तो थर, म्हणजेच मधली सुट्टी. आमच्या कोरड्या बोअरनं पाणी दिलं नाही, पण एक लॉग फाइल दिली म्हणायची.

या थरांची पायऱ्या-पायऱ्यांची रचना इंग्रज अधिकारी विल्यम हेन्री साइक्स यानं १८३० च्या दशकात नोंदवली. "डेक्कन ट्रॅप" हे नाव तिथपासूनचं. ट्रॅप म्हणजे सापळा नव्हे बरं का, पायरीसाठीचा स्वीडिश शब्द आहे तो. आज हे दगड सुमारे ५ लाख चौरस किलोमीटरवर आहेत.

आता मुख्य गोष्ट. हा लाव्हा बाहेर पडण्याआधी होता कुठं?

आपल्या डोक्यात शाळेतलं चित्र असतं. शंकूसारखा डोंगर, खाली लाल रसानं भरलेली टाकी, मधून पाइप. ते चित्र दोन ठिकाणी चुकतं. एक तर दख्खनमध्ये असा शंकू नव्हताच म्हणायचा, लाव्हा मुख्यतः जमिनीच्या लांबच लांब भेगांतून आला. त्या भेगांत गोठलेला दगड आज नंदुरबार-धुळ्याकडं भिंतींसारखा उभा दिसतो, नाशिक-पुण्याच्या पट्ट्यात आणि कोकणातही आहे. दुसरं, टाकी.

खोल प्रावरणात तापलेला खडक वर सरकला की त्याच्यावरचा दाब कमी होतो आणि तो थोडा वितळतो. हा शिलारस आजूबाजूच्या दगडापेक्षा हलका, म्हणून वर चढतो. पण थेट बाहेर येत नाही. कवचाच्या तळाशी अडतो, मग आणखी वर, काही किलोमीटर खोलीवर पुन्हा थांबतो. आमच्या भाषेत सांगायचं तर मधे बफर लागलेले असतात. आणि थांबला की बदलतो.

कसा बदलतो ते काकवीवरून समजून घ्या. काकवीची बरणी बरेच दिवस ठेवली की तळाशी साखरेचे खडे बसतात, आणि वर उरलेला रस पहिल्यासारखा राहत नाही. शिलारसातही तेच होतं. थंड होताना आधी ऑलिव्हिनसारखी मॅग्नेशियमवाली खनिजं खडे धरतात आणि खाली बसतात. प्रावरणातून ताज्या निघालेल्या रसात मॅग्नेशियम ऑक्साइड १० टक्क्यांच्या वर असायला हवं, आपल्या दख्खनच्या बहुतेक दगडांत ते ५ ते ७ टक्के भरतं. म्हणजे आपल्याकडं आला तो ताजा रस नव्हताच. कुठंतरी खाली थांबून, खडे टाकून आलेला होता.

शिवाय तो ज्या दगडात थांबतो त्या भिंतीही थोड्या वितळवतो. हे कळतं स्ट्रॉन्शियमच्या दोन समस्थानिकांच्या प्रमाणावरून. महाबळेश्वरच्या बाजूच्या आंबेनळी थरात ते ०.७०४ च्या आसपास आहे, प्रावरणाच्या जवळचं. त्याच्या बरंच खालच्या बुशे थरात ते ०.७१३ च्याही वर जातं, कारण त्या रसानं जुना ग्रॅनाइटसारखा दगड पोटात घेतला होता. दिसायला दोन्ही दगड काळेच. मला हे वाचून गंमत वाटली, की ज्या आंबेनळी घाटात आपण मक्याचं कणीस खात सेल्फी काढतो, त्याच्या नावाचा थर जगभरच्या प्रयोगशाळांत ओळखीचा आहे.

मग टाकीचं काय? आताचं मत असं, की खाली निव्वळ रसाचा हौद क्वचितच असतो. असतो तो घट्ट शिऱ्यासारखा लगदा, स्फटिकांचा, आणि त्यांच्या फटींत थोडा रस. लगदा तसाच कितीतरी काळ पडून राहतो. खालून नवा गरम रस येऊन मिसळला की तो पुन्हा सैल होतो, वायूचे बुडबुडे सुटतात, दाब वाढतो, वरचा दगड फाटतो. दख्खनसाठीही आता एका अवाढव्य हौदाऐवजी वेगवेगळ्या खोलीवरच्या अनेक लहान साठ्यांचं चित्र मांडलं जातं.

याचा पुरावा डोळ्यांनी दिसतो. सह्याद्रीत काही थरांत प्लॅजिओक्लेजचे पांढरट, बोटाच्या पेराएवढे स्फटिक असतात. थळघाट, मंकी हिल अशी त्या थरांची नावं आहेत. मुंबई-पुणे रेल्वेनं जाणाऱ्यांनी मंकी हिलची पाटी पाहिली असेल, मी तर तिथं फक्त माकडंच बघितली आजवर. लाव्हा बाहेर येऊन गोठायच्या घाईत एवढे मोठे खडे होत नाहीत, ते खालीच सावकाश वाढलेले असतात. मायकेल हिगिन्स आणि आयआयटी मुंबईचे डी. चंद्रशेखरम यांनी त्यांचे आकार मोजून २००७ मध्ये अंदाज मांडला, की वाढायला शेकडो ते हजार-दीड हजार वर्षं लागली असावीत. भूशास्त्राच्या हिशोबात हा चहा उकळेपर्यंतचा वेळ.

आणि ती लाल धूळ आठवतेय? २०१९ मध्ये सायन्स नियतकालिकाच्या एकाच अंकात दोन गटांनी दख्खनची वयं दिली. एका गटानं लाल थरांत सापडलेले झिरकॉनचे कण मोजले, दुसऱ्यानं बेसाल्टमधलंच प्लॅजिओक्लेज. सगळा खेळ साधारण दहा लाख वर्षांत आटोपला यावर दोघांचं जवळपास एकमत. मेक्सिकोत उल्का आदळली त्याच्या आधी जास्त लाव्हा आला की नंतर, यावर मात्र भांडण. डायनोसॉर कुणी मारले हा खटला अजून चालू आहे, तारखेवर तारीख.

ते ऊर्ध्वस्रोत आज रेयुनियन बेटाखाली आहे, असं बहुतेक शास्त्रज्ञ मानतात. भारत त्यावरून सरकत इकडं आला. तिथला पितों द ला फुर्नेझ ज्वालामुखी अजून वरचेवर जागा होतो. एप्रिल २००७ मध्ये रस उताराच्या बाजूनं खालून निघून गेला आणि शिखरावरचं विवर तीनशेहून अधिक मीटर खचलं. खालचा साठा रिकामा होणं म्हणजे काय, हे त्यातून दिसतं.

मग आज्जीच्या प्रश्नाचं उत्तर?

भूकंपानंतर हैदराबादच्या राष्ट्रीय भूभौतिकीय संशोधन संस्थेनं किल्लारीजवळ ६१७ मीटर खोल छिद्र घेतलं. आमच्या बोअरच्या तिपटीहून जास्त. ३३८ मीटरवर बेसाल्ट संपला. त्याखाली ८ मीटर गाळाचे थर, लाव्हा येण्याआधीची जमीन. आणि त्याखाली कोट्यवधी वर्षं जुना, थंड, घट्ट पायाचा खडक. कोयनेकडं हाच बेसाल्ट किलोमीटरभर जाड आहे, आपल्याकडं येईस्तोवर पातळ झालाय. आपल्याकडचे थर बहुतांशी पश्चिमेकडून वाहत आलेले, म्हणजे आपला लाव्हा पाहुणाच. आंध्रात राजमहेंद्रीपर्यंत, हजार किलोमीटर गेलेले त्याचे भाऊबंद सापडतात.

१९९३ चा भूकंप झाला तो जुन्या खडकातल्या भेगेवर साठलेला ताण सुटून. त्यात शिलारसाचा काही हात नव्हता. कवचातले असे साठे काही लाख वर्षांत गोठून जातात, इथं तर ६ कोटी ६० लाख वर्षं उलटली.

हे सगळं मी आज्जीला सांगितलं, काकवीसकट. तिनं शांतपणे ऐकलं. मग म्हणाली, "म्हंजी लाव्हा न्हाई."

"न्हाई आज्जी."

"पर आमच्या भिती कशाच्या हुत्या मग? काळ्या दगडाच्याच की. हातभर जाड. वर माळवद."

मी गप्प झालो. कारण ते खरं होतं. त्या रात्री माणसं दबली ती मातीत रचलेल्या याच काळ्या दगडांखाली आणि माळवदाच्या मातीखाली. नव्या वसाहतींत भिंती बदलल्या, आमच्या घरातली एक जुनी भिंत मात्र अजून तशीच आहे, तिला टेकून आज्जीची बाज असते. पुढच्या महिन्यात सुट्टी टाकून ती उतरवायला घेतोय. बाज आत्ताच अंगणात हलवलीय, म्हणजे हलवायला लावलीय. आज्जी अजून कुरकुर करते, तिथं वारं लागत नाही म्हणून.