वेदी की सरण?

महाडला २५ डिसेंबर १९२७ च्या रात्री मनुस्मृती जाळली गेली, हे आपण दरवर्षी सांगतो. ती कशी जाळली, याकडे मात्र आपले पुरेसे लक्ष गेलेले नाही, असे मला वाटते. मंडपासमोर खड्डा खणून त्यात चंदनाची लाकडे रचली होती. दहनाचा ठराव गंगाधर नीळकंठ सहस्रबुद्धे यांनी मांडला, पां. ना. राजभोज यांनी अनुमोदन दिले. जन्माने ब्राह्मण असलेले सहस्रबुद्धे आणि काही अस्पृश्य साधू यांच्या हातून ग्रंथ अग्नीत पडला.

वर्गात हे सांगितले की एखादा विद्यार्थी हटकून विचारतो, "सर, मग हा यज्ञच झाला की!" प्रश्न टाळण्यासारखा नाही. वैदिक धर्मात अग्नी हे नुसते प्रतीक नव्हते, ती राखीव मालमत्ता होती. शूद्राला समंत्रक होमाचा अधिकार नाही. स्त्रीला तर मनूने घरकाम हीच अग्निसेवा ठरवून दिली. त्याच मनूला चंदनाचा मान कशाला?

उत्तर त्या खड्ड्याभोवतीच्या फलकांवर होते. एकावर 'मनुस्मृतीची दहनभूमी' असे लिहिले होते, दुसऱ्यावर ब्राह्मण्याला मूठमाती देण्याचे आवाहन. हे शब्द यज्ञशाळेतले नव्हेत, मसणवटीतले आहेत. गावगाड्यात मयताचा सांगावा नेणे, सरणाची लाकडे वाहणे हे महाराचे काम. होमाजवळ ज्याची सावली चालत नसे, त्याच्याच खांद्यावरून चितेचे सरपण जाई. (काही गावांत तर पाटलाची होळी महारवाड्यातल्या होळीच्या विस्तवाने पेटे. विस्तवाला विटाळ नव्हता, तो माणसाला होता!) सरण रचणे ज्यांच्या माथी मारले होते, त्यांनीच महाडला सरण रचले. माझ्या मते त्या रात्रीचा अर्थ इथून लावला पाहिजे.

टीकाकारांना बाबासाहेबांनी विदेशी कापडाच्या होळीचा दाखला दिला. गांधीजींनी ३१ जुलै १९२१ रोजी मुंबईत, परळला, ती पेटवली होती. तेव्हा कापड जाळणे देशकार्य ठरले. पोथी जाळली तेव्हा मात्र अनेकांना सहिष्णुता आठवली.

१९५६ च्या धर्मांतरानंतर आपल्या लग्नांतून होम आणि सप्तपदी गेली, बुद्ध आणि बाबासाहेबांच्या प्रतिमेपुढे मेणबत्ती आली. तीही अग्नीच ना, असे तोच विद्यार्थी म्हणेल. आहेच. पण तिला आहुती लागत नाही, मंत्रांचा मक्तेदार लागत नाही. मांडवातल्या कोणत्याही बाईने काडी ओढून ती लावावी.