मोटॅबिलिटी योजना

मोटॅबिलिटी योजना ही युनायटेड किंग्डममधील दिव्यांग व्यक्तींना मोटारगाडी, व्हीलचेअरसह प्रवेश करता येईल असे वाहन, विजेवर चालणारी स्कूटर किंवा विजेवर चालणारी व्हीलचेअर भाडेतत्त्वावर मिळवून देणारी योजना आहे. १९७७ मध्ये तिची स्थापना झाली आणि १९७८ मध्ये पहिली वाहने वितरित झाली. या योजनेत शासन वाहन देत नाही. दिव्यांग व्यक्तीला शासनाकडून मिळणारा संचारभत्ता तिच्या संमतीने भाडे म्हणून वळता केला जातो. योजनेचे लाभार्थी आठ लाखांहून अधिक आहेत.

पार्श्वभूमी

राष्ट्रीय आरोग्य सेवा १९४८ मध्ये सुरू झाली. त्यानंतर ज्यांना चालता येत नाही, परंतु वाहन चालवता येते, अशा व्यक्तींना शासनाकडून एक आसनी तीनचाकी मोटार दिली जात असे. ‘इन्व्हाकार’ या नावाने ओळखली जाणारी ही फिकट निळ्या रंगाची गाडी एसेक्स परगण्यात बर्ट ग्रीव्ज यांनी आपले पायांनी अधू असलेले नातलग डेरी प्रेस्टन-कॉब यांच्यासाठी केलेल्या वाहनातून विकसित झाली. अनेकांना तिने प्रथमच घराबाहेर स्वतंत्रपणे हिंडण्याची मुभा दिली.

तथापि या गाडीच्या मर्यादाही मोठ्या होत्या. तिच्यात दुसऱ्या व्यक्तीला बसवण्यास मनाई होती. त्यामुळे दिव्यांग आईला आपले मूल किंवा दिव्यांग पतीला आपली पत्नी सोबत नेता येत नसे. जोराच्या वाऱ्यात ती डगमगे, तसेच तिला आग लागण्याच्या धोक्याबद्दलही तक्रारी होत. मुख्य म्हणजे स्वतः वाहन चालवू न शकणाऱ्यांना आणि लहान मुलांना या व्यवस्थेतून काहीच मिळत नसे. लेडी शार्प यांनी १९७४ मधील आपल्या अहवालात या तीनचाकी गाड्या बंद करण्याची शिफारस केली. १९७६ पासून शासनाने ‘संचारभत्ता’ सुरू केला. हा भत्ता वाहन चालवू शकणाऱ्यांपुरता मर्यादित नव्हता. उरलेल्या तीनचाकी गाड्या २००३ मध्ये रस्त्यांवरून हटवण्यात आल्या.

स्थापना

भत्त्याची रक्कम दर आठवड्याला मिळत असे, परंतु तेवढ्यावर गाडी विकत घेणे बहुतेकांच्या आवाक्याबाहेर होते. दिव्यांगविषयक मंत्री आल्फ मॉरिस यांच्या कार्यकाळात शासनाच्या पुढाकाराने यावर तोडगा शोधण्यात आला. लॉर्ड गुडमन आणि जेफ्री स्टर्लिंग (नंतरचे लॉर्ड स्टर्लिंग) यांनी ‘मोटॅबिलिटी’ ही धर्मादाय संस्था स्थापन केली. बँकांनी भांडवल पुरवावे, वाहने एकत्रितपणे घाऊक दराने खरेदी करावीत आणि भत्त्यातून भाडे थेट वसूल व्हावे, अशी तिची रचना होती. शासनाकडून येणारी रक्कम निश्चित असल्याने बँकांची जोखीम घटली आणि एरवी कर्ज न मिळणाऱ्या व्यक्तींनाही नवे वाहन वापरता येऊ लागले. राणी एलिझाबेथ दुसरी या संस्थेच्या प्रमुख आश्रयदात्या होत्या.

कार्यपद्धती

योजनेचे प्रत्यक्ष कामकाज ‘मोटॅबिलिटी ऑपरेशन्स’ ही कंपनी पाहते. तिची मालकी चार मोठ्या ब्रिटिश बँकांकडे आहे. धर्मादाय संस्था या कामावर देखरेख करते आणि गरजूंना अनुदानही देते. २०२३ पासून ती ‘मोटॅबिलिटी फाउंडेशन’ या नावाने ओळखली जाते.

भाडेकरार साधारणतः तीन वर्षांचा, तर व्हीलचेअरसह प्रवेशाच्या वाहनासाठी पाच वर्षांचा असतो. विमा, देखभाल-दुरुस्ती, टायर बदलणे आणि रस्त्यात बिघाड झाल्यास मदत यांचा खर्च भाड्यातच समाविष्ट असतो. मुदत संपल्यावर वाहन कंपनीला परत जाते, कंपनी ते विकते आणि लाभार्थी नवे वाहन निवडू शकतो. महागड्या वाहनासाठी भत्त्याखेरीज आगाऊ रक्कमही भरावी लागते. ती परत मिळत नाही.

दिव्यांग व्यक्तीने स्वतः वाहन चालवणे आवश्यक नाही. कुटुंबीय किंवा मदतनीस यांची चालक म्हणून नोंद करता येते, मात्र वाहनाचा वापर दिव्यांग व्यक्तीच्या हितासाठी झाला पाहिजे, अशी अट आहे. तीन वर्षांवरील पात्र मुलांसाठी पालक वाहन घेऊ शकतात.

वाहने व साधने

नेहमीच्या मोटारीत हाताने चालवायचा ब्रेक व गतिनियंत्रक, डाव्या पायाने दाबायचा गतिनियंत्रक, सुकाणूचक्रावरील गोलक, बाहेरच्या बाजूला वळणारे आसन किंवा व्हीलचेअर उचलून ठेवणारी यारी बसवता येते. यांपैकी अनेक बदल कराराच्या प्रारंभी केल्यास विनामूल्य होतात. व्हीलचेअरवर बसूनच आत शिरण्यासाठीच्या वाहनात तळ खाली घेतलेला असतो आणि उतरंड किंवा उद्वाहक बसवलेला असतो. अशा वाहनाची आगाऊ रक्कम काही हजार पौंडांपर्यंत जाऊ शकते. अशा वेळी फाउंडेशनचे अनुदान उपयोगी पडते. मोटारीऐवजी स्कूटर किंवा विजेवर चालणारी व्हीलचेअर घेतल्यास भत्त्याचा काही भागच खर्च होतो व उरलेली रक्कम लाभार्थीला मिळते.

पात्रता

अपंगत्व निर्वाह भत्त्यातील संचार घटकाचा उच्च दर, वैयक्तिक स्वावलंबन अनुदानातील संचार घटकाचा वाढीव दर किंवा युद्धनिवृत्तांचा संचारपूरक भत्ता यांपैकी एखादा लाभ मिळत असल्यास व्यक्ती योजनेस पात्र ठरते. साधारणतः हा लाभ पुढे किमान बारा महिने चालू राहणार असावा लागतो.

स्कॉटलंडमध्ये अपंगत्वविषयक भत्ते स्कॉटिश शासनाकडे हस्तांतरित झाले आहेत. तेथील बाल अपंगत्व अनुदान २०२१ मध्ये व प्रौढ अपंगत्व अनुदान २०२२ मध्ये सुरू झाले. या अनुदानांच्या उच्च दराच्या लाभार्थींसाठी ‘सुलभ वाहने व साधने योजना’ आहे. तिच्याद्वारे मान्यताप्राप्त पुरवठादाराकडून वाहन भाड्याने घेता येते.

टीका आणि वाद

पात्रता भत्त्याशी जोडलेली असल्याने भत्त्याचे पुनर्मूल्यांकन म्हणजे प्रत्यक्षात वाहनाचेही पुनर्मूल्यांकन ठरते. २०१३ पासून प्रौढांसाठी वैयक्तिक स्वावलंबन अनुदान लागू झाले. जुन्या भत्त्यात चालण्याच्या अक्षमतेसाठी व्यवहारात सुमारे ५० मीटर अंतर प्रमाण मानले जात असे. नव्या नियमात केवळ शारीरिक कारणावर वाढीव दर मिळण्यासाठी ही मर्यादा २० मीटरवर आली. परिणामी अनेकांची पात्रता गेली आणि त्यांना वाहने परत करावी लागली. अपिलात निर्णय बदलण्यापूर्वीच वाहन हातचे गेल्याची उदाहरणेही पुढे आली. मोटॅबिलिटीने अशा जुन्या लाभार्थींना कमाल २,००० पौंडांची एकरकमी मदत दिली. दिव्यांग संघटनांनी २० मीटरच्या निकषावर सातत्याने आक्षेप घेतला. स्कॉटलंडच्या नव्या अनुदानातही हा निकष कायम राहिला.

निवृत्तिवेतनाच्या वयानंतर अपंगत्व आलेल्या व्यक्तींना शुश्रूषा भत्ता मिळतो. त्यात संचार घटक नसल्याने त्या योजनेबाहेर राहतात. त्या वयापूर्वी भत्ता मंजूर झालेल्यांना मात्र तो पुढेही मिळू शकतो. त्यामुळे दोघांना सारखेच चालता येत नसले, तरी अपंगत्व कोणत्या वयात आले यावर वाहन मिळणे अवलंबून राहते.

२०१८ मध्ये राष्ट्रीय लेखापरीक्षण कार्यालयाने कंपनीच्या कारभाराचा अहवाल प्रसिद्ध केला. २००८ पासून कंपनीला अपेक्षेपेक्षा १.०५ अब्ज पौंड अधिक नफा झाल्याचे त्यात नोंदवले होते. मुख्य कार्यकारी अधिकाऱ्याचे वेतन आणि कंपनीकडील मोठी राखीव रक्कम यांवरही संसदीय समित्यांनी टीका केली. दुसरीकडे, योजनेची सेवा व लाभार्थींचे समाधान यांची प्रशंसाही झाली.

नोव्हेंबर २०२५ मध्ये काही आलिशान बनावटीच्या मोटारी योजनेतून वगळण्यात आल्या. त्याच महिन्याच्या अर्थसंकल्पात जुलै २०२६ पासून काही करसवलती मर्यादित करण्याची घोषणा झाली. करदात्यांच्या पैशातून महागड्या गाड्या नकोत, असा समर्थकांचा मुद्दा होता. वाढीव किंमत लाभार्थी स्वतःच्या पैशातून भरतात आणि प्रशस्त गाडी अनेकदा व्हीलचेअर व उपकरणे मावण्यासाठीच लागते, असे विरोधकांचे म्हणणे होते. व्हीलचेअरसह प्रवेशाची वाहने या करबदलांतून वगळण्यात आली.