मध्यरेषेमागचा चेंडू
* बॅककोर्ट : आपल्या बास्केटकडचा अर्धा भाग. चेंडू एकदा पुढच्या भागात नेला की माघारी आणता येत नाही, एवढं प्रेक्षकांना ठाऊक असतं. म्हणूनच शिट्टी वाजली नाही की गॅलरी पंचांवर तुटून पडते.

पंच आधी पाहतात तो ताबा. खेळाडूने चेंडू धरला किंवा ड्रिबल सुरू केलं की संघाचा ताबा सुरू होतो. पास हवेत असतानाही तो टिकतो; बास्केटकडची फेक हातातून सुटताच संपतो. त्यामुळे रिबाउंडच्या झटापटीत नुसता थापटलेला चेंडू मागे गेला आणि त्याच संघाने उचलला, तरी चूक नाही. ताबा होताच कुठे?

मग प्रश्न स्पर्शाचा. पुढच्या भागात शेवटचा हात कोणाचा, मागे पहिला कोणाचा? दोन्ही एकाच संघाचे असतील तरच उल्लंघन. जाता जाता बचावपटूचं बोट लागलं, तर सुटका.

फिबाच्या, म्हणजे आंतरराष्ट्रीय बास्केटबॉल महासंघाच्या, नियमांत मध्यरेषा बॅककोर्टमध्येच मोडते; पुढच्या भागात चेंडू धरून उभ्या खेळाडूची टाच तिला टेकली तरी पुरे. मात्र ड्रिबल करत येताना दोन्ही पाय आणि चेंडू असे तिन्ही पलीकडे टेकल्याशिवाय चेंडू पुढे आला असं धरत नाहीत. त्यासाठी मुदत 8 सेकंदांची. 2000 साली फिबाने ती 10वरून खाली आणली.