मोडीत निघालेल्या वस्तूंचे वाली

महाराष्ट्रात जुन्या वस्तूंचा संग्रह करण्याचा छंद केव्हापासून रुजला, असा प्रश्न केला तर बहुतेकांच्या डोळ्यांपुढे पुण्याच्या शुक्रवार पेठेतील राजा केळकर संग्रहालय उभे राहील, आणि ते स्वाभाविकही आहे. परंतु दिनकर गंगाधर केळकरांनी १९२० च्या सुमारास आपल्या संग्रहास प्रारंभ केला, तेव्हा त्यांच्या पाठीशी निदान चाळीस वर्षांची एक परंपरा उभी होती आणि ती वस्तूंची नसून कागदांची होती, ही गोष्ट आज फारशी कोणाच्या ध्यानात येत नाही. अडकित्ता जपणारा माणूस या प्रांतात जन्मास येण्यापूर्वी फाटका कागद जपणारा माणूस येथे जन्मास यावा लागला.

त्याच्याही मागे जावे तर राजेरजवाड्यांचा संचय लागतो. जामदारखाना, शिलेखाना, जवाहीरखाना ही खाती मराठी राज्यव्यवहारात होतीच. मात्र तेथील जिन्नस राज्याच्या गरजेसाठी येई आणि गरज पडताच मसलतीसाठी, खिलतीसाठी किंवा कर्जफेडीसाठी बाहेर पडे, म्हणून त्यास संग्रह म्हणण्यापेक्षा साठा म्हणणेच न्याय्य होय. छंद या नावास पात्र ठरणारा संग्राहक या मालिकेत शोधावयाचा तर तो तंजावरास सापडतो. सरफोजीराजे भोसले (कारकीर्द १७९८ ते १८३२) यांनी इंग्रजांशी झालेल्या तहानंतर बहुतेक राज्याधिकार गमावले, आणि राज्य चालविण्यात जी बुद्धी खर्च झाली असती ती सर्व त्यांनी ग्रंथसंचयात ओतली. काशीयात्रेस गेले असता त्यांनी तेथील संस्कृत पोथ्यांच्या नकला करवून आणल्या. युरोपीय भाषांतील हजारो मुद्रित ग्रंथ मागविले आणि त्यांपैकी कित्येकांवर स्वहस्ते सही केली. तंजावरच्या सरस्वती महाल ग्रंथालयातील त्या सह्या पाहणाऱ्यास कळून चुकते की, हा पुरुष ग्रंथ केवळ विकत घेत नव्हता, तो त्यांच्याशी सख्य जोडीत होता.

खुद्द महाराष्ट्रात मात्र १८१८ नंतर जुन्या वस्तूंवर व जुन्या कागदांवर अवकळा आली. पेशव्यांचे सरकारी दप्तर इंग्रजांच्या हाती गेले. परंतु सरदार, कारकून, देशमुख, देशपांडे, कुळकर्णी, उपाध्ये यांच्या घरोघरी रुमालांत बांधलेले जे लक्षावधी कागद होते, त्यांना एकाएकी काही प्रयोजन उरले नाही. १८५० नंतरच्या दशकात इनाम कमिशनने सनदा तपासून अनेकांची वतने व इनामे खालसा केली, त्यामुळे तर जुना कागद परक्याच्या दृष्टीस पडू देणे म्हणजे घरावर संकट ओढवून घेणे, अशी धास्ती जुन्या घराण्यांत खोलवर बसली. पुढील पिढीस मोडी वाचता येईनासे झाले. एकीकडे भीती आणि दुसरीकडे अज्ञान, अशा कात्रीत सापडलेले हे रुमाल माळ्यावर वाळवीच्या स्वाधीन झाले किंवा वाण्याच्या दुकानी पुड्या बांधण्यास गेले.

अशा काळात १८७८ साली ‘काव्येतिहाससंग्रह’ हे मासिक निघाले, आणि काशिनाथ नारायण साने व जनार्दन बाळाजी मोडक यांनी बखरी, पत्रे, याद्या, जुन्या कविता ही रद्दी नव्हे, तर राष्ट्राची मत्ता होय, ही दृष्टी लोकांस प्रथम दिली. मिरजेस शाळेत संस्कृत शिकविणाऱ्या वासुदेवशास्त्री खऱ्यांनी पटवर्धन सरदारांची दप्तरे चाळून १८९७ पासून ‘ऐतिहासिक लेखसंग्रहा’चे खंड काढावयास प्रारंभ केला, आणि पुढच्याच वर्षी विश्वनाथ काशिनाथ राजवाडे यांनी ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’ या मालेचा पहिला खंड प्रसिद्ध केला. त्या मालेचे पुढे बावीस खंड झाले.

राजवाड्यांविषयी येथे थोडे विस्ताराने लिहिणे अवश्य आहे, कारण संग्रह करणे म्हणजे नेमके काय करणे, याचा धडा त्यांच्या कामात जसा स्पष्ट दिसतो तसा अन्यत्र दिसत नाही. गावोगाव हिंडावे, नकार पचवावे, पुन्हा त्याच दारी जावे, मालकाची खात्री पटली की रुमाल सोडवून घ्यावा आणि मग त्यातील एकेक चिटोरे वाचावे, हा त्यांचा क्रम. परंतु कष्टांपेक्षा अधिक महत्त्वाची होती ती त्यांची सावधगिरी. पेशवाईतील खाजगी व राजकीय पत्रांत पुष्कळदा ‘छ’ या अक्षरामागून केवळ मुसलमानी महिन्याचा चंद्र म्हणजे दिवस आणि महिन्याचे नाव एवढेच लिहिलेले असे. वर्षाचा उल्लेखच नसे. जेथे वर्ष असे तेथेही ते बहुधा सुहूर सनातील अरबी शब्दांत लिहिलेले असे. असे सुटे पत्र एकटेच हाती आले तर ते कोणत्या सालचे, कोणत्या मोहिमेतले, हे ठरविणे अतिशय दुर्घट. परंतु तेच पत्र ज्या रुमालात सापडले त्यातील मागची पुढची पत्रे जागच्या जागी असली, ते कोणत्या घरात सापडले हे ठाऊक असले, तर शेजारच्या कागदांवरून त्याचा काळ निश्चित करता येतो. पहिल्या खंडातील १७५० ते १७६१ या वर्षांची पत्रे एका सूत्रात लागली आणि पानिपतच्या प्रसंगाकडे मराठी लोकांस आपल्याच माणसांच्या शब्दांतून पाहता आले, त्याचे श्रेय विद्वत्तेइतकेच या शिस्तीस आहे. रुमाल फोडून चांगले चांगले कागद तेवढे निवडून घेणारा मनुष्य कागद वाचवितो, पण त्या कागदांची साक्ष मारतो.

साताऱ्याचे दत्तात्रय बळवंत पारसनीस हे निराळ्या वृत्तीचे संग्राहक. नाना फडणविसांचे मेणवलीचे दप्तर त्यांच्या हाती आले, तो मराठी इतिहाससंशोधनातील एक भाग्ययोगच मानला पाहिजे. पण पारसनिसांची आवड कागदांपुरती मर्यादित नव्हती. चित्रे, नकाशे, हस्तलिखिते यांचाही त्यांनी मोठ्या रसिकतेने संचय केला आणि १९२५ साली साताऱ्यास त्यासाठी स्वतंत्र संग्रहालय उभे राहिले. हा संग्रह पुढे १९३९ मध्ये पुण्याच्या डेक्कन कॉलेजात आला. राजवाड्यांनी १९१० मध्ये खंडेराव चिंतामण मेहेंदळे यांच्यासह भारत इतिहास संशोधक मंडळ स्थापिले, तेव्हा तेथेही कागदांच्या मागोमाग नाणी, ताम्रपट, शस्त्रे, चित्रे येऊ लागली. शिवराई पैशाचेच उदाहरण घ्या. एका बाजूस ‘श्री राजा शिव’ आणि दुसऱ्या बाजूस ‘छत्रपति’ अशी अक्षरे असलेले हे तांब्याचे नाणे शिवछत्रपतींच्या नंतरही दीर्घकाळ पाडले जात होते व चालत होते. त्यातील ‘शिव’ कोठे ‘सिव’, कोठे ‘सीव’ असे कोरलेले आढळते, आणि संग्राहकांनी शेकडो नाणी शेजारी शेजारी मांडली म्हणूनच अक्षरांचे हे वैचित्र्य अभ्यासाचा विषय झाले.

आता केळकरांकडे वळू. ‘अज्ञातवासी’ या नावाने कविता लिहिणारा आणि ‘महाराष्ट्र शारदा’ हा काव्यसंग्रह संपादणारा हा गृहस्थ शस्त्रे व राजमुद्रा यांच्या मागे न लागता स्वयंपाकघरात, माजघरात आणि देवघरात शिरला, हीच त्याची थोरवी. समया, लामणदिवे, निरांजने, दौती, कलमदाने, पानदाने, चुनाळी, फण्या, करंडे, किसण्या, सोरे, टाच घासण्याच्या वज्री आणि नाना आकारांचे अडकित्ते: पोपटाचे, मोराचे, घोड्याचे, स्वाराचे. सुपारी फोडण्यास दोन पाती व एक खीळ पुरेशी असता कोणा कारागिराने त्या मुठींस मोराची मान द्यावी आणि मिटलेल्या पात्यांतून त्याचा पिसारा साधावा, या गोष्टीचा केळकरांनी विचार केला; तोवर तो येथे फारसा कोणी केलेला नव्हता. अशा जिनसांना घरात मान होता तो वापर चालू असेतोवरच. नंतर पितळ व तांबे मोडीच्या भावाने कासाराकडे जाई, जुन्या पैठण्यांचा जर जाळून चांदी काढली जाई, आणि वाडे पडले की कोरीव चौकटींचे सरपण होई. वस्तूत ओतलेली कला वजनात धरली जात नसे. धातूच्या भावात जे मोजले जात नाही तेच केळकरांनी मोजले.

या उद्योगात पत्नी कमलाबाईंची त्यांना साथ होती. त्यांचा मुलगा राजा हा बालवयातच वारला, आणि पुढे संग्रहालयास त्याचेच नाव देण्यात आले. १९६० पर्यंत सुमारे १५,००० वस्तू जमल्या होत्या. १९७५ साली केळकरांनी हा सर्व संग्रह महाराष्ट्र शासनाच्या स्वाधीन केला. पहिल्या बाजीरावाने कोथरुडास मस्तानीसाठी बांधलेल्या महालाचे अवशेषही त्यांनी आणून संग्रहालयात पुन्हा उभे केले. शोकातून हा संग्रह जन्मला असे मात्र कोणी समजू नये, कारण छंद त्या दुःखाच्या आधीचा होता. मुलाच्या नावाने ती ठेव साऱ्या प्रांताच्या हवाली करण्यातच त्या पितृहृदयाचे औदार्य दिसते.

मनुष्य संग्रह का करतो? मालिका पुरी करण्याची ओढ हे एक कारण खरेच. तिकिटे व नाणी जमविणाऱ्यास ते चांगले ठाऊक असते. प्रतिष्ठेची हाव हेही कारण असू शकते, आणि औंधाच्या भवानराव पंतप्रतिनिधींसारख्या चित्रकार राजाच्या ठायी केवळ सौंदर्याची भक्ती हे कारण होते. परंतु खरे समाधान मला दिसते ते या गोष्टीत की, इतरांनी निरुपयोगी ठरविलेली वस्तू आपल्या लक्ष देण्याने पुन्हा बोलती होते. सावंतवाडीच्या दशावतारी गंजिफांचा पूर्ण संच १२० पानांचा. त्यातील एक पान हरवले की खेळणाऱ्यास सारा संच व्यर्थ होतो, पण संग्राहकास उरलेले प्रत्येक पान मोलाचे असते. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात तेथील राजघराण्याने ही मावळती कला पुन्हा जागती केली. आधीच्या पिढ्यांनी ती पाने फेकून दिली असती, तर नव्या चिताऱ्यांना गिरविण्यास काय उरले असते?

तथापि एका गोष्टीचे मला फार वैषम्य वाटते. राजवाड्यांनी कागदाच्या बाबतीत जी शिस्त घालून दिली ती वस्तूंच्या संग्राहकांनी क्वचितच पाळली. आज खाजगी संग्रहांत, दुकानांत, लिलावांत जुने अडकित्ते, समया, दौती पुष्कळ दिसतात; पण ही वस्तू कोणत्या गावच्या तांबटाने घडविली, कोणत्या घरात होती, तिच्यासोबत पानदान होते की नव्हते, ती घरात कोण वापरी, असे विचारले तर उत्तर मिळत नाही. रुमालातून सुटलेल्या बेसाल पत्राची जी दशा, तीच या वस्तूंची. सुंदर आहेत, जुन्या आहेत, परंतु त्यांच्याकडून इतिहास म्हणून काही शिकावे, तर त्या मुक्या आहेत.

म्हणून वाचकांस एकच विनंती करावयाची आहे. आपल्या घरी आजीच्या वेळचा अडकित्ता, पुरणयंत्र, दौत किंवा जुन्या कागदांचा गठ्ठा असेल, तर तो संग्रहालयास द्यावा, विकावा की घरीच ठेवावा, हा विचार सावकाश करा. पण त्याआधी घरातील सर्वांत वयोवृद्ध व्यक्तीजवळ बसून तो कोणाचा, कोठला, कोणी आणला आणि कशासाठी वापरला जाई, हे आजच्या तारखेसह एका कागदावर लिहून काढा, आणि तो कागद त्या वस्तूपासून कधीही वेगळा करू नका.